विजेच्या पडद्याचा ध्वनिक्षेपक

कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. परंतु इंग्लंडांत पीटर वॉकर यांच्या कारखान्यानें १९५७ सालीं ‘क्वाड’ नांवाचा जो ध्वनिक्षेपक विक्रीस आणिला, त्यांत ना शंकू, ना लोहचुंबक. दोन सच्छिद्र पट्टांमध्यें अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. पडद्यास स्थिर विद्युद्भार देऊन पट्टांवर संगीताचा विद्युद्दाब सोडिला म्हणजे पडदा हलतो. तो इतका हलका, कीं मनुष्याचा कंठस्वर त्यांतून विशेष स्वच्छ उमटतो.

हीं जुनीं यंत्रें हौशी लोक घरीं सुधारूं पाहतात. आमच्या मतें पहिली सुधारणा फुकटच म्हणावी अशी आहे. आखूड पायांमुळें यंत्र जमिनीलगत, मागें कललेलें असतें. तें भक्कम लांकडी बैठकीवर उंच, सरळ बसवावें. तसेंच भिंतीपासून दोन-तीन हात पुढें घ्यावें. कारण ध्वनि पाठीमागूनही निघतो व भिंतीवरून परतून मूळ स्वर गढूळ करितो.

पोटांतील काम मात्र निराळें. उच्च दाब देणारा भाग कालांतरानें थकतो, आवाज क्षीण होतो. तो भाग बदलावा लागतो. शिवाय क्वाडचा त्या वेळचा अँप्लिफायर अवघा १५ वॅटांचा होता. आजचा दणकट अँप्लिफायर जोडल्यास तार स्वरांच्या पट्टांत ठिणगी पडून पडदा भाजतो. म्हणून जाणते लोक आधीं दाब आवरणारें संरक्षक मंडल बसवितात.

कोणी पुढील जाळीही काढितात. हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. मंद्र स्वरांच्या पडद्यांस सुमारें ६००० व्होल्टांचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो भार कांहीं काळ आंत राहतो. मुलांनो, मागील झांकणास तुम्ही हात लावूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें.