तांब्याच्या आजारानं शिकवलेलं

माझ्या मुलाला विल्सनचा आजार आहे. अन्नातलं जादा तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं; त्याच्या यकृताला ते जमत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत.

१. चांगलं अक्षर बिघडलं, जीभ जड झाली, लाळ गळू लागली, तर अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नका. काही मुलांना आधी कावीळच होते. मुलाच्या बुबुळाच्या कडेला डोळ्यांच्या डॉक्टरांना तपकिरी कडं दिसलं. ते प्रत्येकात दिसतंच असं नाही. म्हणून रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबंही तपासतात.

२. बरं वाटतंय म्हणून गोळी थांबवायची नाही. किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन पुढे आणलं आणि हे रुग्ण जगू लागले. ती गोळी उपाशीपोटी घ्यायची, म्हणून घरातल्या जेवणाच्या वेळा तिच्याभोवती बसवाव्या लागतात. लग्नकार्य असो, परीक्षा असो, खाडा नाही. सुरुवातीला हातांची थरथर वाढू शकते. अशा वेळी डॉक्टरांना लगेच कळवायचं, गोळी मनानं बंद करायची नाही.

३. तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद. कलेजी, खेकडे, तिसऱ्या, काजू, चॉकलेट, मशरूमही निदान सुरुवातीला टाळायचे. पण नुसत्या पथ्यावर हा आजार आटोक्यात येत नाही.

४. दोष कुणाच्या घराण्याचा, ही चर्चा आमच्याकडेही झाली. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: एटीपी७बी या जनुकाची बिघडलेली एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एकच प्रत असलेल्याला त्रास होत नाही, त्यामुळे आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. आमचं लग्न आते-मामेभावंडांतलं. अशा नात्यात ही गाठ पडण्याची शक्यता वाढते.

५. प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. धाकटी मुलगी खेळत-बागडत होती, तिचे डोळे स्वच्छ होते, तरी अहवालात आजार निघाला. लक्षणं दिसण्याआधीच तिला झिंक सुरू झालं आणि आजही तिला काही त्रास नाही. तुमच्या घरात एका मुलाला हे निदान झालं असेल, तर बाकीच्या भावंडांची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.