खाडीत उतरण्याआधी

पोरी, मैत्रिणींना घेऊन वेंगुर्ल्याला येते आहेस, फार बरं वाटलं. बंदर आणि झुलता पूल तुला कुणीही दाखवेल. मांडवीची खाडी मात्र समजून घेऊन बघावी लागते. पाणी उथळ, काठाने कांदळवन आणि गाव अगदी अंगाला लागून, म्हणून पाहुण्यांना ती सोपी वाटते. पण तिची वेळ तीच ठरवते. तेव्हा एवढं वाचून ये.

१. घड्याळाआधी पंचांग उघड. शुद्ध पक्ष असो की वद्य, तिथीची पाऊणपट केलीस की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा, दिवसा तशीच रात्रीही — कारण भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा अंदाज झाला. नक्की वेळ होडीवाल्यांकडूनच घे.

२. होडीत बसायचं ते भरती चढत असताना — तेव्हा अडकलीस तरी वाढतं पाणीच होडी उचलून देतं. उतरत्या पाण्यात रुतलीस तर ते परत येईपर्यंत बसून राहावं लागेल. ओहोटीशी पैज, दुपार गहाण!

३. सोबत नवखी मंडळी असतील तर अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस, बघून ये — पाण्याला ओढ कमी असते. उधाण बघावं काठावरून, भांग बघावा होडीतून.

४. तुझ्या त्या नाजूक चपला खोलीवरच ठेव आणि नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट घाल — मुळांना आणि दगडांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. बूट भिजला तर वाळतो, पाय कापला तर मुक्काम वाढतो.

५. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नकोस, तळ घासत चाल — वाळूत दबून बसलेलं पाकट चाहूल लागली की निघून जातं, अंगावर पाय पडला तर मात्र काटा मारतं. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडव आणि लगेच दवाखाना गाठ.

६. चिखलात पाय रुतला तर हिसके देऊ नकोस. मागे रेल, अंगाचं वजन पसरू दे, टाच हळूहळू हलवत पाय सोडव — जोर केलास की चिखल आणखी घट्ट धरतो.

७. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर नाक मुरडू नकोस — पालापाचोळा हवेवाचून कुजला की तसा वास येतोच, आणि त्याच कुजक्या पाल्यावर कोलंबीची पिल्लं आणि चिंबोऱ्या पोसतात.

८. तिवराचं पान तोडू नकोस, फांदीवर असतानाच त्यावरून बोट फिरव आणि जिभेला लाव. खारट लागेल — हे झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. तिथेच खाली बघ, चिखलातून बोटभर खुंट वर आलेले दिसतील. ती त्याची श्वास घेणारी मुळं, त्यांच्यावर पाय देऊ नकोस.

९. गेव्याच्या झाडाची फांदी मोडू नकोस, आणि झाड ओळखता येत नसेल तर कुठलीच नको — गेव्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते.

१०. जमलं तर भल्या पहाटे नीघ — पांढऱ्या चिप्पीचं फूल रात्री उमलतं आणि उजाडेपर्यंत त्याचे केसर गळून पाण्यावर तरंगू लागतात. २०२० मध्ये महाराष्ट्राने हिला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. माझ्या मते तो फार उशिरा मिळाला.

११. कांदळाच्या लांब शेंगा खेळायला तोडू नकोस — ते झाडावरच रुजलेलं रोप असतं, गळून पडलं की चिखलात उभं राहतं.

१२. होडीत मधोमध बस, फोटोसाठी उभी राहू नकोस, लाइफ जॅकेटचा पट्टा काठावरच आवळ — एक जण उठला की दहाही कलतात.

१३. गप्पा हळू आवाजात मार — खंड्या आवाजाने उडतो आणि निवट्या बिळात शिरतात. मग खाडीत काही नाहीच म्हणून तूच तक्रार करशील!

१४. इथे स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून कांदळवन दाखवतात. त्यांच्याशी पैशांवरून घासाघीस करू नकोस — झाडं उभी असली तरच त्यांची रोजी चालते, म्हणून त्या ती जपतात. कालवं काढणाऱ्या बाईचा फोटो घ्यायचा तर आधी विचार. ती कामावर असते.

१५. खाऊच्या पुड्या, बाटल्या, सगळं परत आण — मुळांत अडकलेलं प्लास्टिक भरतीलाही सुटत नाही.

पावसाळ्यात येऊ नकोस, दिवाळी झाली की ये. तारीख ठरवण्याआधी मला फोन कर. तिथी बघून वेळ मी सांगेन.