जिवाणूंचे अन्न आणि त्याची पारख

गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल या रक्तविकाराचे रुग्ण असलेली अनेक कुटुंबे आहेत. हा विकार असलेल्या बालकास तीव्र ताप आल्यास तो साधा समजून चालत नाही. न्यूमोकोकस, साल्मोनेला यांसारख्या जिवाणूंचा संसर्ग अशा बालकांत झपाट्याने बळावतो. जिल्ह्यात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रक्तातील मोजके जिवाणू वाढवून ओळखावे लागतात. त्यांना वाढविण्यासाठी जे अन्न देतात, त्यास संवर्धन माध्यम म्हणतात. त्यातील मुख्य घटक बहुधा पेप्टोन असतो. मांस, दुधातील केसिन किंवा सोयाबीन यांतील प्रथिनांचे विकरांच्या अथवा आम्लाच्या साहाय्याने विघटन करून तो तयार होतो.

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. १८९७ साली मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली, तेव्हा प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी गोमांस वा डुकराचे मांस वापरणे लोकभावनेच्या दृष्टीने शक्य नव्हते. त्यांनी बकऱ्याचे मांस हायड्रोक्लोरिक आम्लाने विरघळवून माध्यम तयार केले. माध्यमाची निवड केवळ रसायनशास्त्रावर ठरत नाही, हे तेव्हाच दिसून आले.

पेप्टोनची पारख कशी करतात? एकूण नायट्रोजन आणि त्यापैकी मुक्त अमिनो नायट्रोजन मोजल्यास विघटन कितपत झाले ते कळते. परंतु जिवाणू त्यावर वाढतील की नाही, हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक पेप्टोनचे सारख्याच तीव्रतेचे द्रावण करून, त्याची आम्लता सारखी राखून, ते १२१ अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. त्यात एकाच ज्ञात जातीचे बीज घालून ३७ अंशांवर ठेवतात आणि ठराविक वेळाने गढूळपणा व वसाहतींची संख्या पूर्वी खात्रीच्या ठरलेल्या पेप्टोनशी ताडून पाहतात. बीज मात्र अल्प असावे. भरपूर घातल्यास निकृष्ट माध्यमही चांगले भासते. शिवाय ई. कोलायसारखा काटक जिवाणू जवळजवळ कशावरही वाढतो. त्याच्यावर भिस्त ठेवणे म्हणजे बाभळीच्या वाढीवरून जमिनीचा कस ठरविण्यासारखे आहे. परीक्षा घ्यावयाची ती न्यूमोकोकससारख्या नाजूक जिवाणूची.

वाढ उत्तम झाली तरी काम संपत नाही. आम्लाने केलेल्या विघटनात ट्रिप्टोफॅन नष्ट होते; असे पेप्टोन वापरल्यास इंडोल चाचणी करता येत नाही. सोयाबीनच्या पेप्टोनमधील शर्करेमुळे वाढ जोमदार होते, परंतु आम्ल साचून पेशी लवकर मरूही शकतात. सर्वांत गंभीर बाब औषधांच्या चाचणीची. माध्यमात थायमिडीन अधिक राहिल्यास सल्फा व ट्रायमेथोप्रिम ही औषधे प्रत्यक्षात गुणकारी असूनही निरुपयोगी ठरल्याचे दिसते, आणि रुग्णास लागू पडणारे औषध नाकारले जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणूनच पेप्टोनची प्रत्येक नवी खेप, उत्पादक तोच असला तरी, पुन्हा तपासून घ्यावी लागते.

गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत, पीक उभे असतानाच, ओलाव्यावर लाखोळी टाकण्याची जुनी रीत आहे. या डाळीच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा प्रथिनांचा असल्याने तिचेही पेप्टोन व्हावे, असे कोणासही वाटेल. परंतु प्रथिनांच्या या प्रमाणावरून काहीच ठरत नाही. तिच्यात पिष्ट पुष्कळ, गंधकयुक्त अमिनो आम्ले थोडी आणि चेतासंस्थेस घातक ठरणारे ओडॅपही असते. तेव्हा वरील साऱ्या कसोट्या तिलाही लावाव्या लागतील.

याच लाखोळीच्या मुळांवरील गाठींत राहणारा रायझोबियम जिवाणू मात्र निराळ्याच प्रकृतीचा. बियाण्यास चोळावयाच्या जिवाणू संवर्धकासाठी त्यास प्रयोगशाळेत मॅनिटॉल आणि यीस्टचा अगदी थोडा अर्क देतात. अर्काचे प्रमाण वाढविले, तर त्याच्या पेशी फुगून वेड्यावाकड्या होतात.