मेलबर्न : तोंडाने सैल, कागदावर कडक

स्मरणिकेत यजमान शहराचा परिचय हवाच, म्हणून तो आधी उरकतो. यारा नदीकाठी, वुरुंजेरी लोकांच्या भूमीवर १८३५ मध्ये गोऱ्यांची वस्ती पडली. दोन वर्षांनी तिला ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांचं नाव मिळालं. १८५१ नंतर सोन्याने शहर श्रीमंत केलं. १९०१ ते १९२७ देशाची संसद इथेच भरायची. जगातला पहिला कसोटी सामना १८७७ मध्ये इथल्या एमसीजीवर झाला. ते मैदान बघा, ट्रामने फिरा. झाला परिचय.

आता कामाचं. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचा. निघताना ऑस्ट्रेलियन माणसाबद्दल आम्हाला जी माहिती होती ती सगळी क्रिकेट बघून झालेली : तो शिव्या देतो, बिअर पितो, किनाऱ्यावर लोळतो, कैद्यांचा वंशज आहे आणि कशाचीच फिकीर करत नाही. पण कैद्यांच्या बोटी मुख्यतः सिडनीकडे आणि टास्मानियात लागल्या. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात लोंढा आला तो सोन्यासाठी. शिवाय २०२१ च्या जनगणनेनुसार देशातल्या जवळपास निम्म्या लोकांचे आई किंवा वडील परदेशात जन्मलेले आहेत, म्हणजे वंशजाची गोष्ट तिथेच संपते. शिव्या मैदानावर, शेजारी मात्र कचऱ्याचा डबा आपणहून आत आणून ठेवतो. बिअरचं बरंचसं खरं आहे. बार्बेक्यूला बोलावलं तर आपलं खाणं आपण न्यायचं, शाकाहारी मंडळींनी तर नक्कीच. वर्णद्वेष? २००९ मध्ये याच शहरात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रोजच्या व्यवहारात मला त्याचा त्रास क्वचितच झाला.

‘नो वरीज’ या दोन शब्दांवर मात्र विसंबू नका. साहेबाला नावाने हाक मारायची, तो हसून ‘मेट’ म्हणणार; पण तारीख, पावती, सही यांत हाच माणूस तहसीलच्या बाबूला मागे टाकतो.

पहिला अनुभव विमानतळावरच येतो. आई शेगावचा प्रसाद, खवा, बियाणं, कढीपत्ता पिशवीत कोंबतेच. प्रवासी कार्डावर सगळं जाहीर करा. जाहीर केलं तर फार तर वस्तू जाईल. लपवलं तर दंड, आणि व्हिसावरही गदा येऊ शकते. ‘थोडंसंच तर आहे’ हे वाक्य इथे चालत नाही.

दुसरं, घर. याबद्दल मी दरवर्षी कंठशोष करतो आणि दरवर्षी कुणीतरी फसून येतंच. भाडं आठवड्याचं सांगतात. महिन्याचं काढताना चारने गुणू नका, बावन्नने गुणून बाराने भागा. आठवड्याचं भाडं ९०० डॉलरपर्यंत असेल तर अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. ही रक्कम मालकाच्या खिशात राहत नाही, रेसिडेन्शियल टेनन्सीज बाँड ऑथॉरिटीकडे जमा व्हावी लागते. जमा झाल्याची पावती हातात आली का, ते बघा. राहायला गेल्यावर घराच्या अवस्थेचा अहवाल कामकाजाच्या पाच दिवसांत भरून परत द्यायचा असतो. गालिच्यावरचा डाग, भिंतीवरचा ओरखडा, तुटकी कडी, सगळ्याचे फोटो काढा. माझ्या पहिल्या घराच्या एजंटाने निघताना जुन्याच डागाचे पैसे मागितले होते. फोटो दाखवल्यावर लगेच म्हणाला, ‘नो वरीज’. घर न बघता, फोटोवर भुलून भारतातून पैसे पाठवू नका. मालक ‘परदेशी आहे, चावी कुरिअरने येईल’ म्हणाला, की फोन ठेवा.

तिसरं, थंडी. बुलढाणा घाटावरचं, त्यामुळे थंडी ठाऊक आहे, असा आम्हा लोकांचा समज. आपल्याकडची थंडी अंगणात. दार लावलं की बाहेर राहते. इथली घरातच मुक्कामाला असते. जून ते ऑगस्ट, लाकडी सांगाड्याची घरं, पातळ काचा, अंथरूण बर्फासारखं. मार्च २०२१ च्या अखेरीपासून झालेल्या करारांमध्ये बैठकीच्या खोलीत पक्का बसवलेला, चालू हीटर असणं कायद्याने बंधनकारक आहे. झोपण्याच्या खोल्यांना तो नियम नाही. घर बघायला जाल तेव्हा हीटर लावून बघा. उन्हाळ्यात चाळिशीपार पारा गेला की वऱ्हाडची आठवण येते, आणि दक्षिणेचा वारा सुटला की तासाभरात स्वेटर लागतो.

ही स्मरणिका काढणाऱ्या आपल्या मंडळाचा मला अभिमान आहे. नवख्याला विमानतळावर घ्यायला जाणारी, पहिल्या रात्री पिठलं-भाकरी घालणारी माणसं इथेच भेटली. तक्रार एकच : सभागृह रात्री दहाला रिकामं करायचं ठरलेलं असतं आणि आपल्या गप्पा साडेदहाला रंगतात. अनामत कापली जाते ती मंडळाची.

नव्याने येणाऱ्यांना हात जोडून सांगणं : भाडेकरारावर सही करण्याआधी तो मंडळातल्या कुणालाही वाचायला द्या. रात्री अकरालाही द्या, कुणी रागावणार नाही.