अंगणातला सब्जा आणि वृंदावनातली तुळस

‘सून पुण्याहून आली आहे. तिने परवा अंगणातल्या झाडाची पाने खुडून टमाट्याच्या भाजीत टाकली. भाजीत कांदा होता, लसूण होता. मी म्हटले, अगं, तुळस आहे ती! ती म्हणते, आई, ही तुळस नव्हे, ही खायची असते. डॉक्टरीणबाई, खरे कोणाचे? आणि अशी पाने रोज खाल्ली तर चालतात का?’

आमच्या डोंगरकड्याच्याच एका वाचक भगिनीने चिठ्ठीतून विचारलेला हा प्रश्न. प्रश्न घरगुती वाटला तरी त्यात आरोग्याच्या बऱ्याच गोष्टी गुंतलेल्या आहेत, म्हणून आजचे सदर त्यालाच देत आहे.

त्या अंगणातले झाड सब्जाचे होते. तुळस आणि सब्जा एकाच कुळातल्या, जणू चुलत बहिणी. मंजिऱ्या सारख्याच, चौकोनी देठही सारखा, त्यामुळे गफलत होते. पण पान हातात घेऊन पाहा. तुळशीचे पान लहान, कडेला दातेरी, देठावर बारीक लव. कृष्ण तुळशीला जांभळी झाक. सब्जाचे पान मोठे, गुळगुळीत, चकचकीत, मधोमध किंचित फुगीर आणि कडेला दाते जवळजवळ नाहीत. चुरगळून वास घेतला की शंका उरत नाही. तुळशीचा वास लवंगेकडे झुकतो, कारण लवंगेत असणारे युजेनॉल हे द्रव्य तिच्यातही असते. सब्जाला बडीशेपेसारखा गोडसर वास येतो. फालुद्यात जे काळे, फुगलेले बी येते ते याच झाडाचे. इंग्रजीत याला स्वीट बेसिल म्हणतात आणि इटलीपासून व्हिएतनामपर्यंत लोक ते ताज्या भाजीसारखे खातात.

मग तुळस स्वयंपाकात घातली तर? थायलंडमध्ये आपल्याच तुळशीची पाने मिरची-लसणाबरोबर परतून खातात, आणि तो तिथला रोजचा पदार्थ आहे. म्हणजे शरीराला त्यात वावगे काही नाही. परंतु आपल्याकडे तुळशीचे पान नैवेद्यावर ठेवायचे असते, फोडणीत टाकायचे नसते. हा प्रश्न श्रद्धेचा आहे, औषधशास्त्राचा नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या मनाला लागत असेल तर तुळस वृंदावनात राहू द्यावी आणि स्वयंपाकाला सब्जा घ्यावा. चहात तुळशीची चार-पाच पाने मात्र बहुतेक घरांत चालतात. तुळशीत पारा असतो, म्हणून पान चावू नये, असे पुष्कळ जण सांगतात. त्याला भरवशाचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

एक तिसरी ‘तुळस’ मात्र ध्यानात ठेवा. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला आणि पडीक रानात कमरेएवढी माजते, उग्र वासाची, निळसर फुलांची. तिला आपल्याकडे रानतुळस म्हणतात. ते अमेरिकेतून आलेले तण आहे. तिचे बीही पाण्यात फुगते, म्हणून सब्जा समजून कोणी गोळा करते. ते करू नये. तसेच केळीच्या बागेच्या किंवा हळदीच्या बांधावर उगवलेला खरा सब्जासुद्धा खुडू नये. आपल्या भागात या पिकांवर किती फवारे बसतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. हारवाल्याकडच्या तुळशीवर काय मारले आहे तेही आपल्याला माहीत नसते. खायची पाने घरच्या कुंडीतली किंवा अंगणातलीच.

आता स्वयंपाकाकडे वळू. सब्जाचा सारा गुण त्याच्या सुगंधी तेलात आहे आणि हे तेल उडून जाणारे आहे. भाजी रटरटत असताना पाने टाकली तर वास आळीभर पसरतो, ताटात काही उरत नाही. म्हणून गॅस बंद केल्यावर पाने हाताने तोडून टाकावी आणि दोन मिनिटे झाकण ठेवावे. विळीवर फार बारीक चिरली की पाने काळी पडतात. फ्रीजमध्येही ती काळी पडतात. सब्जा उष्ण हवेतले झाड, त्याला थंडी सोसत नाही. कोथिंबिरीसारखी जुडी फ्रीजमध्ये न ठेवता, देठ पाण्यात बुडतील अशी पेल्यात उभी करून ओट्यावर ठेवावी. पाणी रोज बदलले तर चार-पाच दिवस छान राहते, कधी कधी देठाला मुळेही फुटतात.

पावसाळा हा सब्जाचा खरा हंगाम. मृगाच्या पावसावर टाकलेले बी श्रावणापर्यंत हिरवेगार झुडूप होते. याच दिवसांत करण्यासारखी एक चटणी सांगते. धुऊन कोरडी केलेली दोन मुठी पाने, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, दोन हिरव्या मिरच्या, लसणाच्या तीन-चार पाकळ्या आणि मीठ. आधी दाणे, लसूण, मिरची खलबत्त्यात कुटावी, मग पाने घालून ठेचावे, शेवटी दोन चमचे करडीचे तेल आणि अर्धे लिंबू. मिक्सरला हरकत नाही, पण थांबून थांबून फिरवावा. पात्याच्या उष्णतेने रंग जातो. इटलीतल्या जिनोव्हा शहरात अशीच चटणी संगमरवरी खलात करतात. तिथे चिलगोज्यासारखे पाईनचे दाणे, चीज आणि ऑलिव्हचे तेल असते. आपले शेंगदाणे आणि करडी त्यापेक्षा कमी नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ही चटणी खाऊन पाहा. त्याच दिवशी संपवावी, फार तर फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत. लसूण आणि ओला पाला तेलात बुडवून बाटली बाहेर ठेवण्याची पद्धत काही जणी लोणच्याच्या सवयीने करतात, ती घातक आहे. तेलाखाली हवा नसते, आणि हवेशिवाय वाढणारे काही जंतू तिथे जिवावर बेतणारे विष तयार करतात. वास किंवा चव बिघडलेली नसली तरी ते विष असू शकते.

भज्यांच्या पिठात अख्खी पाने बुडवून तळली तर मुले आवडीने खातात, पण ते महिन्यातून एकदा. रोजच्यासाठी तुरीचे वरण बरे. लसणाची फोडणी द्यावी, लिंबू पिळावे आणि वाढताना सात-आठ पाने घालावी.

पावसाळा म्हटला की ताप आला, आणि ताप आला की काढा आला. येथे थोडे थांबून सांगणे भाग आहे. २०२० साली करोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरे यांच्या काढ्याची शिफारस केली होती. आमच्या भागात तो इतका मुरला की अजूनही कोणत्याही तापाला पहिले तीन दिवस काढाच चालतो. घोटभर तुळशीच्या चहाने घशाला आराम पडतो, घाम येतो, माणसाला बरे वाटते. माझा त्याला विरोध नाही. पण डेंग्यू त्याने थांबत नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, धोका सुरू होऊ शकतो. ताप गेला, काढा लागू पडला, असे म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि रोगी संध्याकाळी हातपाय गार पडलेल्या अवस्थेत येतो. पोटात सारखे दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार अस्वस्थता किंवा सुस्ती, यांपैकी एकही लक्षण दिसले तर तासभरही वाट पाहू नका. डोंगरकड्याहून नांदेड काय, हिंगोली काय, रस्ता हमरस्ता आहे. रात्र असली तरी निघावे.

लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यात तुळशीचा रस मधातून चाटवतात. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, बोटावर लावूनसुद्धा नाही. मधात कधी कधी असे जंतू असतात की त्यामुळे एवढ्या लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. आणि खोकणाऱ्या मुलाचा श्वास मोजायला प्रत्येक आईने शिकावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, किंवा बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तिथे तुळस नको, दवाखाना हवा.

हिवाळ्याकडे येऊ. तुळशीचे लग्न लागले की हवेत गारवा येतो आणि सब्जा मलूल होऊ लागतो. मंजिऱ्या धरतात, पाने लहान आणि थोडी कडवट होतात. मंजिरी दिसताच वरचा शेंडा खुडत गेले तर झाड आणखी फुटते आणि पाने दोन महिने जास्त मिळतात. कुंडी असेल तर ती उन्हाच्या भिंतीजवळ सरकवावी, पाणी सकाळी आणि बेताने घालावे. याच दिवसांत टमाटे स्वस्त असतात. चिठ्ठीतल्या सूनबाईंनी बरोबर जोडी जमवली होती. टमाटा आणि सब्जा यांचे जगभर जमते. टमाट्याच्या सारात जिऱ्याची फोडणी द्या, गूळ जरासा घाला आणि उतरवल्यावर पाने. वांग्याच्या भरतातही कोथिंबिरीऐवजी एखाद वेळी वापरून पाहावी. आणि पौष-माघात शेतावर हुरड्याला जाल तेव्हा वर सांगितलेली चटणी डब्यात न्या. तेल न घालता, थोडी कोरडीच ठेवा. तिळाच्या चटणीचा मान मोठा आहे हे मला मान्य आहे, पण कोवळ्या गरम हुरड्यावर ही जी लागते ती लागतेच.

पानांत फार मोठे पोषण आहे असे मात्र समजू नये. आठ-दहा पानांनी रक्त वाढत नाही. मीठ आणि तेल कमी करूनही जेवण रुचकर लागते, हा या पानांचा खरा फायदा. रक्तदाबाच्या रोग्याला मी मीठ कमी करा म्हणते तेव्हा तो तोंड वाकडे करतो. लिंबू आणि सब्जा सांगितला तर निदान आठवडाभर तरी पथ्य पाळतो.

उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की पानांपेक्षा बियांचे दिवस येतात. एक चहाचा चमचा बी कपभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावे. प्रत्येक बीभोवती पारदर्शक जेली धरते. ते लिंबाच्या सरबतात किंवा पातळ ताकात घालावे. बी कोरडे कधीही खाऊ नये. गळ्यात फुगले तर घास अडकतो. लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना तर भिजवलेलेही जपून द्यावे. ताकात ठेचलेली चार पाने, जिरे आणि मीठ घातले की दुपारचे जेवण नको वाटत असले तरी हे पोटात जाते. परंतु सब्जा पाणी धरून ठेवतो, क्षार देत नाही. जुलाब झाले असतील तर जलसंजीवनीच हवी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेच आणि मोजूनच. उन्हात काम करणारा मजूर बरळू लागला, अंग तापून कातडी भाजल्यासारखी झाली, तर सरबत पाजत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा.

काही रोग्यांना वेगळे सांगायला हवे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तुळशीचा रस पेल्या-पेल्याने पिऊ नये. साखर थोडी खाली येऊ शकते आणि गोळीच्या जोडीने ती जास्त उतरू शकते. तुळशीवर भरवसा ठेवून गोळी बंद करणे तर त्याहून वाईट. हृदयाची झडप बदललेल्या आणि रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफेरिन किंवा असिट्रॉम घेणाऱ्यांनी सब्जाची चटणी आज वाटीभर, मग महिनाभर काहीच नाही, असे करू नये. हिरव्या पानांतले क जीवनसत्त्व नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करते. रोज सारखेच थोडे खावे आणि रक्ततपासणी चुकवू नये. गरोदर भगिनींनी भाजीतली पाने खुशाल खावी. काढे, अर्क आणि तेलाचे थेंब मात्र टाळावे. बाजारात छोट्या बाटलीत मिळणारे सुगंधी तेल पिण्यासाठी नसते, आणि मुलांच्या हाती तर ते लागूच देऊ नये.

माघ संपता संपता ज्या मंजिऱ्या तपकिरी होऊन वाळल्या असतील त्या कापून कागदावर पसराव्या, तळहातावर चोळून बी पाखडावे आणि फडक्याच्या पुरचुंडीत कोरड्या जागी ठेवावे. खायला जास्त मिळाले तर उन्हाळ्यात वापरावे. मूठभर मात्र मृगासाठी राखून ठेवावे. पेरताना बी मातीत खोल दाबू नये, नुसते वर भुरभुरून पाणी शिंपडावे. पाच ते दहा दिवसांत उगवते.