भिंतीचे वस्त्र

गौरी-गणपतीच्या आसनामागे जरीकाठी लुगडे ताणून लावलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. भिंतीस वस्त्र नेसविण्याची ही रीत आता बहुधा सणापुरतीच उरली आहे. तथापि तिच्या इतिहासाचा एक धागा आपल्या संग्रामपुराजवळूनच गेलेला आहे.

सातपुड्यापलीकडे तापीकाठी बुऱ्हाणपूर वसले आहे. सतराव्या शतकात ते कापडाचे मोठे पेठस्थान होते. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने तेथील माल इराण, तुर्कस्थान, रशिया व पोलंड येथवर जात असल्याचे लिहून ठेवले आहे. मुघल छावणीतील कनातींच्या आतील अंगास एकेका कमानीत एकेक फुलझाड चितारीत. त्यांतील कित्येक कनाती बुऱ्हाणपूरच्या मानल्या जातात. रंगाची खुबी मुळांत व तुरटीत होती. तुरटीचे पाणी जेथे लावावे तेथेच आलीच्या मुळांचा लाल रंग पक्का बसे. लोखंडाच्या पाण्याने काळी रेघ उठे. धुतल्याने रंग जात नसे, याचेच युरोपास नवल वाटे.

लंडनच्या सॅम्युएल पीप्स या अधिकाऱ्याने १६६३ साली पत्नीच्या अभ्यासिकेच्या भिंती मढविण्यास हिंदुस्थानी चीट विकत घेतल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. असल्या हौशीने तिकडील विणकरांचे पोट मात्र मारले गेले. १७१९ साली त्यांनी रस्त्यात स्त्रियांच्या अंगावरील चीट फाडले. फ्रान्सने १६८६ सालीच बंदी घातली होती; इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने अंगावर काय, घरातही छापील सुती कापड वापरण्यास मनाई केली. पुढे चक्र उलटे फिरले. १८७० साली खामगावास आगगाडी आली ती आपला कापूस नेण्यासाठी. आणि विलायती गिरण्यांचे छापील कापड येथील विणकरांच्या मुळावर आले. भिंतीवरची फुले किती घरांच्या चुलीशी निगडित असतात, पाहा!

आता कोणास घरी हा प्रयोग करावयाचा असेल तर कापड खळीने भिंतीस चिकटवू नये. मातीच्या भिंतीस पावसाळ्यात ओल येते, कापडास बुरशी धरते, आणि खळीच्या वासाने झुरळे येतात ती निराळीच. कापड आधी भिजवून आटवून घ्यावे, वरच्या काठास नेफा शिवून त्यात बांबूची काठी घालावी, व भिंतीपासून दोन बोटे अंतर ठेवून टांगावे. मागे हवा खेळते, आणि रिकाम्या खोलीत घुमणारा आवाजही मऊ होतो. जुने लुगडे यास उत्तम. चूल व दिव्याची देवळी यांपासून ते दूर असावे. दर महिन्यास उतरवून झटकावे, आणि त्याच वेळी मागे वाळवीची रेघ चढली आहे काय, तेही पाहून घ्यावे.