होलिस्टिक समुपदेशन : पैसे भरण्यापूर्वी

झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, घरात सतत चिडचिड होते. अशा वेळी कुणीतरी तुम्हाला एखाद्या ‘होलिस्टिक’ केंद्राचा पत्ता देतं. तिथे समुपदेशन, ध्यान, आहारसल्ला, प्राणायाम, कधी साउंड हीलिंग, असं सगळं एका पॅकेजमध्ये मिळतं आणि पैसे आगाऊ मागतात. मनाबरोबर झोप, जेवण, शरीर आणि नाती यांचाही विचार व्हायला हवा, हे खरंच आहे; चांगला मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत हेच विचारतो. पण पॅकेजमधल्या बहुतेक गोष्टी सुट्या, स्वस्तात किंवा फुकट मिळतात. पैसे मोजायचे ते प्रशिक्षित माणसाच्या वेळेचे.

सुरुवात फुकटात करा. 14416 हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक. ऑक्टोबर 2022पासून ती चालू आहे, चोवीस तास, मराठीतही. कागदपत्रं लागत नाहीत. बोलणारा समुपदेशक गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. नोकरी करत असाल तर कंपनीत ईएपी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशन आहे का, ते एचआरला विचारा. अनेक मोठ्या कंपन्यांत असतं आणि फारसं कुणी वापरत नाही. विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या समुपदेशन कक्षात आधी चौकशी करा.

प्रत्यक्ष भेटायचं असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग असतो; तिथे गेलात म्हणजे दाखल व्हावंच लागतं असं नाही. पुण्याचं ससून किंवा मुंबईचं केईएम ही रुग्णालयं मोफत उपचारांच्या या निर्णयात येत नाहीत, पण तिथलाही केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. सोबत आधार कार्ड, जुनी प्रिस्क्रिप्शनं आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या. सकाळी लवकर जा, अर्धा दिवस मोकळा ठेवा. गर्दी असते, डॉक्टरांचा वेळ थोडाच मिळतो. निदान आणि औषधांसाठी तो पुरतो, दीर्घ बोलण्यासाठी नाही.

त्या बोलण्यासाठी खासगीत जावं लागतं. पुण्या-मुंबईत समुपदेशकाच्या पाऊण तास ते तासाभराच्या सत्राला साधारण 800 ते 2,500 रुपये पडतात. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेटही बहुधा याच घरात असते, पुढच्या भेटी कमी पैशांत होतात. सत्रं किती लागतील हे त्रासावर ठरतं. सहा ते वीस ही नेहमीची मर्यादा. 1,500 रुपयांची आठ सत्रं म्हणजे 12 हजार. कुठल्याही पॅकेजची रक्कम ऐकली की हा हिशेब शेजारी मांडून पाहा. ट्रस्ट आणि संस्थांच्या केंद्रांत उत्पन्नानुसार फी कमी करतात, पण ती सवलत मागावी लागते. फोनवरच विचारा, संकोच करू नका.

समोर कोण बसणार आहे, याची खात्री मात्र काटेकोरपणे करा. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो : एमडी किंवा डीपीएम, शिवाय मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. औषध डॉक्टरच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. क्रमांक मागा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. समुपदेशकाकडे असा क्रमांक सहसा नसतो. म्हणून त्याला मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी कुठली, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण कुणाच्या हाताखाली घेतलं, ते विचारा. ‘लाइफ कोच’, ‘हीलर’, ‘एनर्जी थेरपिस्ट’ अशी पाटी दोन दिवसांच्या शिबिरानंतरही लावता येते. प्रश्नांचा राग येणाऱ्या माणसाकडे जाऊ नका.

पहिल्या सत्राआधी एक काम उरकून घ्या : नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि साखर तपासा. थायरॉइड मंदावलं किंवा बी-12 कमी झालं की थकवा, उदासी, विसराळूपणा असाच दिसतो. शाकाहारी लोकांत बी-12ची कमतरता पुष्कळ आढळते. संपूर्ण माणसाचा विचार करायचा म्हणता, तर सुरुवात इथून व्हायला हवी. तरी पॅकेजमध्ये या तपासण्या क्वचितच असतात. खासगी लॅबमध्ये दीड ते तीन हजारांत होतात, राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयात सोय असेल तर फुकट.

योग आणि ध्यानासाठी महागड्या केंद्राची गरज नाही. महापालिकेच्या हॉलमधला किंवा सोसायटीतला वर्ग महिन्याला काही शेकड्यांत होतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवरच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. दान शिबिर पूर्ण करणाऱ्यांकडूनच स्वीकारतात. पण तीव्र नैराश्य असेल, भास होत असतील किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर अर्जात ते स्पष्ट लिहा आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. दिवसदिवस मौन प्रत्येकाला झेपत नाही.

आता छुपे खर्च. नोंदणी शुल्क, ‘असेसमेंट’च्या चाचण्या, आयत्या वेळी रद्द केलेल्या सत्राची पूर्ण फी, व्हॉट्सॲप सपोर्टचं मासिक शुल्क, केंद्रातच विकली जाणारी चूर्णं, तेलं आणि स्फटिक, शेवटी निवासी शिबिर. फोनवर असं विचारा : ‘जीएसटी धरून एका सत्राचे एकूण किती? मध्येच थांबलो तर उरलेले पैसे परत मिळतात का? हे लेखी पाठवाल?’ पहिल्या तीन-चार सत्रांचे पैसे एकेक करून भरा. पहिलं सत्र मोफत देऊन त्याच बैठकीत दहा सत्रांचे पैसे भरायला लावत असतील तर उठा. छापील पावती प्रत्येक वेळी घ्या. पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : 1915.

विम्याचं काय? 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. व्यवहारात ते रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू पडतं. समुपदेशनाचा खर्च हवा असेल तर पॉलिसीत ओपीडी संरक्षण आहे का ते बघा. वेलनेस पॅकेजचं बिल सहसा नाकारलं जातं.

सगळ्यात महाग पडणारा शॉर्टकट म्हणजे ‘गोळ्या बंद करा, आम्ही मुळापासून बरं करतो’. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात आणि ती एकदम थांबवली तर त्रास उलटू शकतो. गोळ्या कमी करायच्या की नाही, हे त्या लिहून देणारे डॉक्टरच ठरवतील. खर्च परवडत नसेल तर त्यांना तसं सांगा. जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधं खूप स्वस्त मिळतात.

आणि जीव नकोसा वाटत असेल, किंवा घरात कुणी तसं बोलत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच 14416 लावा, धोका समोर दिसत असेल तर 112 हा आपत्कालीन क्रमांक लावा किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. कागदपत्रं मागाहून आणता येतात.